घरी येणाऱ्या शुश्रूषासेवेचा दर्जा कसा पारखावा?

प्रश्न : पक्षाघातानंतर माझी आई गेले चार महिने अंथरुणाला खिळून आहे आणि तिला नीट बोलताही येत नाही. एका संस्थेकडून दिवसपाळीला व रात्रपाळीला अशा दोन मदतनीस येतात. दोघी नम्र आहेत, खोलीही स्वच्छ असते. तरी आम्ही कामावर असताना आईकडे खरोखर लक्ष दिले जाते का, हे कसे ओळखावे?

उत्तर : नम्रपणा आणि खोलीची टापटीप हवीच, पण ती घटकाभर आलेल्या पाहुण्यालाही दिसते. वैद्यकीय सेवेच्या मूल्यमापनासाठी अवेदिस डोनाबेडियन या डॉक्टर-संशोधकांनी १९६६ मध्ये रचना (माणसे, त्यांची पात्रता व साधने), प्रक्रिया (प्रत्यक्ष दिली जाणारी सेवा) आणि परिणाम (रुग्णाच्या प्रकृतीत दिसणारे फळ) अशी तीन अंगे मांडली. संस्था आपल्यापुढे ठेवतात ती बहुधा पहिल्या अंगाची प्रमाणपत्रे. आपण मात्र तिसऱ्या अंगापासून, म्हणजे आईंच्या शरीरापासून सुरुवात करावी.

रोज अंग पुसताना माकडहाड, खुबे, घोटे आणि टाचा स्वतः पाहाव्यात. लालसर डाग बोटाने दाबून सोडल्यावरही फिका पडत नसेल, तर तेथे शय्याव्रणाची, म्हणजे एकाच स्थितीत फार वेळ पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली असे समजून डॉक्टरांना दाखवावे. सावळ्या त्वचेवर लाली सहसा दिसत नाही, म्हणून ती जागा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का, हे हाताने चाचपावे. उत्तम सेवेतही क्वचित व्रण होतो; तो किती लवकर लक्षात आला आणि आपल्याला सांगितला गेला का, यावरून सेवेची पारख होते.

त्यानंतर नोंदवही उघडावी. सकाळी आठ, दहा, बारा, दोन या सर्व वेळांपुढे एकाच शाईत, एकाच तिरकस ओघात ‘कूस बदलली’ असे लिहिलेले असेल आणि डावी की उजवी याचा उल्लेखच नसेल, तर ते पान संध्याकाळी एका बैठकीत भरलेले असण्याची शक्यता मोठी. एखाद्या दिवशी न सांगता दुपारी घरी यावे आणि आई कोणत्या कुशीवर आहेत ते वहीशी ताडून पाहावे. त्याच वेळी जेवण चालू असेल तर भरवताना त्यांना ताठ बसवले आहे का, हेही पाहावे. पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास होत असल्यास आडवे ठेवून भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

दोष आढळला तरी लगेच मदतनिसांवर ठपका ठेवू नये. जड रुग्णाला एकटीने वळवणे अवघड असते, आणि सरकवण्यासाठी जादा चादर किंवा दुसरा हात देण्याचे राहून गेले असेल, तर ती उणीव कदाचित घरचीच असेल. संस्थेला मात्र थेट विचारावे, की चार महिन्यांत किती वेळा माणसे बदलली, रजेच्या दिवशी येणाऱ्या बदलीच्या मदतनिसाला आईंची माहिती कोण देते, आणि पर्यवेक्षक प्रत्यक्ष घरी येऊन काम पाहतात की फोनवरच विचारपूस करतात.