क्रूझवर रात्री साडेआठची पंगत आणि लहान मुले

तुमचा प्रश्न असा आहे की डिसेंबरमध्ये तुम्ही आजी-आजोबांसह सहा जण साताऱ्याहून क्रूझला निघणार आहात, जहाजावर रात्रीच्या जेवणाला साडेआठची वेळ मिळाली आहे, आणि घरी तर ४ वर्षांची मुलगी व दीड वर्षाचा मुलगा साडेसातला जेवून नऊच्या आत झोपतात. तेव्हा हे कसे निभवावे. मी सांगलीची. आम्हीही दोन मुले आणि सासू-सासरे यांना घेऊन असा प्रवास दोनदा केला, एकदा मुंबईहून गोव्याकडे आणि एकदा सिंगापूरहून, आणि दोन्ही वेळा आमच्या वाट्याला उशिराचीच वेळ आली होती. पहिल्या प्रवासाच्या पहिल्याच रात्री आमचे चुकले, पुढे जमले, म्हणून सविस्तर लिहिते.

वेळ बदलून मिळते का, हे आजच विचारा. नाही मिळाली तर साडेआठचे जेवण हे मुलांचे जेवण समजू नका. त्यांना साडेसहा-सातला बुफेत पोटभर जेवू घाला आणि साडेआठच्या टेबलावर जमले तर सोबतीला न्या, नाही जमले तर नेऊ नका. माझे सगळे सांगणे या एका गोष्टीभोवती आहे.

जहाजाच्या मुख्य भोजनगृहात सगळे प्रवासी एकाच वेळी मावत नाहीत, म्हणून तिथे बहुधा दोन पंगती असतात. पहिली संध्याकाळी सहाच्या आसपास बसते आणि दुसरी आठ-साडेआठला. भारतीय प्रवासी जास्त असलेल्या जहाजांवर या वेळा आणखी थोड्या पुढे सरकलेल्याही आढळतात. थिएटरमधला कार्यक्रमसुद्धा याच हिशेबाने दोनदा ठेवलेला असतो, म्हणजे एक पंगत जेवत असताना दुसरी कार्यक्रम बघते. आपल्याकडे लग्नात किंवा जत्रेच्या भंडाऱ्यात पोरासोरांना आणि म्हाताऱ्या माणसांना पहिल्या पंगतीला बसवण्याची रीत आहे आणि ती किती शहाणपणाची आहे हे मला जहाजावर कळले. पण तिथे कोणी आपणहून बोलावून बसवत नाही, आपल्याला मागावे लागते. बुकिंग ज्या एजंटाकडून केले असेल त्याला मुलांची वये सांगून पहिल्या पंगतीची विनंती लेखी करायला सांगा. तेवढ्याने काम झाले नाही तर जहाजावर चढल्यावर त्याच दुपारी भोजनगृहाच्या प्रमुखाला जाऊन भेटा. टेबलांची अदलाबदल पहिल्या दिवशी दुपारीच होते, आणि लहान मुले व वृद्ध बरोबर असतील तर बहुतेक वेळा ते मनापासून प्रयत्न करतात. काही जहाजांवर ठरलेल्या पंगतीऐवजी संध्याकाळी केव्हाही येऊन बसण्याचा पर्याय असतो. तो तुमच्या जहाजावर आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

आता साडेआठचे जेवण म्हणजे नेमके काय, हे आधी माहीत असणे फार गरजेचे आहे, कारण आमची फसगत इथेच झाली. घरी साडेआठचे जेवण म्हणजे साडेआठला ताट समोर येते. तिथे साडेआठला आपण बसतो, मग मेनूकार्ड येते, मग ब्रेड, मग सूप किंवा सुरुवातीचा एखादा पदार्थ, आणि मुख्य जेवण समोर यायला सव्वानऊ सहज होतात. गोड पदार्थ येईपर्यंत दहा वाजतात. मोठ्यांना हे निवांतपण आवडते, आणि आवडावे असेच ते असते; पण नऊला झोपणाऱ्या मुलासाठी तो दीड तास फार लांब पडतो.

मुंबईहून निघालो त्या पहिल्या दिवशी मी असा विचार केला की एक दिवस मुले थोडी उशिरा जेवली तर काय बिघडते, आणि टेबलावर भूक राहावी म्हणून संध्याकाळी त्यांना मुद्दाम फारसे काही दिले नाही. आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने सांगलीहून निघून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो होतो, तिथून बंदर जवळ असले तरी तपासणीच्या रांगा, सामान, मग जहाजावर सगळ्यांना सक्तीची असलेली सुरक्षा कवायत, यांत दुपारची झोप बुडाली. साडेआठला टेबलावर बसलो तेव्हा थोरला, त्या वेळी पाच वर्षांचा, काट्याने टेबल वाजवत होता आणि धाकटी, अडीच वर्षांची, माझ्या मांडीवर आधी कुरकुरली, मग रडली आणि सूप यायच्या आत टेबलावरच्या घडी घातलेल्या पांढऱ्या नॅपकिनवर गाल टेकवून झोपून गेली. तिच्या मुठीत पापडाची एक कोर होती, ती तशीच राहिली. वेटरने न सांगता दोन खुर्च्या जोडून दिल्या. रात्री दोनला ती भुकेने उठली, तेव्हा केबिनमध्ये बिस्किटांशिवाय काही नव्हते. रिकाम्या पोटी मुलाला झोपवल्याची ती रुखरुख मला अजून आहे, आणि तुमच्यावर ती वेळ येऊ नये असे मनापासून वाटते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरचीच घडी जहाजावर बसवली. दुपारी जेवण झाले की पडदे ओढून दीड ते साडेतीन मुलांना झोपवायचेच, मग बाहेर कितीही गंमत चालू असो. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्रीची मिळून १० ते १३ तास झोप लागते आणि एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास. रात्री झोपायला उशीर होणारच असेल तर तो हिशेब दुपारी भरून काढावा लागतो. साडेचारला दूध आणि एखादे फळ. साडेसहाला बुफेत त्यांचे खरे जेवण: वरण-भात, दही, मिळाली तर पोळी, थोडी उकडलेली भाजी. भारतीय जेवण असलेल्या जहाजांवर साधा भात आणि डाळ मिळायला अडचण येत नाही, मात्र डाळ तिखट असेल तर बिनमसाल्याची डाळ आणि वर तूप किंवा लोणी असे आचाऱ्याकडून मागून घ्यावे. मागितल्यावर ते मिळते. बुफेच्या वेळा मात्र रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत बघा, कारण दुपारचा बुफे बंद होऊन रात्रीचा उघडेपर्यंत मध्ये खंड असतो आणि भुकेलेले मूल नेमके त्याच खंडात सापडते. बुफेत शिरण्यापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत. नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नये, कारण जहाजांवर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर तो पुरेसा चालत नाही.

जेवण झाले की आंघोळ, सुती कपडे, आणि साडेआठला थोरला आमच्याबरोबर टेबलावर. त्याचे पोट भरलेले असल्यामुळे तो सूपचे चार चमचे घेई, आइस्क्रीम खाई आणि शांतपणे चित्रे काढत बसे. पहिल्याच संध्याकाळी वेटरला दोन गोष्टी सांगून ठेवा: मुलांचे जे काही असेल ते मोठ्यांच्या सूपबरोबरच आणावे, आणि तुमच्यापैकी एक जण मध्येच उठून जाईल. ठरलेल्या टेबलावर बहुधा रोज तोच वेटर असतो, त्यामुळे हे एकदाच सांगावे लागते. आमच्याकडे तर तिसऱ्या दिवशी आम्ही बसायच्या आत मुलाची वाटी टेबलावर आलेली असे. धाकटीला आम्ही टेबलावर नेलेच नाही. एका रात्री मी तिच्याजवळ केबिनमध्ये थांबले, एका रात्री हे थांबले आणि एका रात्री सासूबाई आपणहून थांबल्या, कारण त्यांनाही उशिरा जेवलेले सोसत नाही आणि त्यांनी मुलांबरोबरच साडेसहाला खाऊन घेतले होते. थांबणाऱ्याचे ताट केबिनमध्ये मागवता येते. मूल झोपले आहे म्हणून त्याला केबिनमध्ये एकटे ठेवून सगळ्यांनी जेवायला जाणे मात्र कधीही करू नका, अगदी पाच मिनिटांसाठीही नाही.

तुमच्या मुलीसाठी किड्स क्लबचा उपयोग होईल. तिथे बहुतेक जहाजांवर तीन वर्षांपुढची, शी-शू स्वतः सांगणारी मुले घेतात, आणि काही ठिकाणी तिथली माणसे मुलांना संध्याकाळचे जेवणही देतात. दीड वर्षाच्या मुलाला सहसा तिथे पालकांशिवाय ठेवता येत नाही, तेव्हा त्याच्यासाठी पाळीपाळीने थांबण्याची तयारी ठेवावी. त्याची उंच खुर्ची भोजनगृहात आणि बुफेत दोन्हीकडे मिळते, पण केबिनमधले लहान मुलाचे कॉट बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवावे लागते.

तुमचे जहाज कुठून निघणार आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि उत्तर त्यावर बरेच अवलंबून आहे. मुंबई, गोवा किंवा लक्षद्वीप असेल तर घड्याळ आपलेच, म्हणून वर लिहिलेले सगळे जसेच्या तसे लागू होते. सिंगापूरचे घड्याळ मात्र आपल्यापुढे अडीच तास आहे. तिथले रात्रीचे साडेआठ म्हणजे साताऱ्यातले संध्याकाळचे सहा. अशा वेळी पहिली पंगत मागून घेतली तर मुलांना त्यांच्या पोटाच्या हिशेबाने दुपारी साडेतीनला जेवायला बसवल्यासारखे होते आणि ती काहीच खात नाहीत. आमच्या सिंगापूरच्या प्रवासात म्हणूनच उशिराची वेळ आम्हाला सोयीची ठरली. मुले सकाळी साडेनऊपर्यंत झोपत आणि रात्री साडेआठला ताजीतवानी असत. चार रात्रींचा प्रवास असेल तर त्यांना तिथल्या घड्याळात ओढून आणण्याची गरजही नाही. दुबईकडे याच्या उलट होते. तिथले घड्याळ दीड तास मागे असल्याने साडेआठची पंगत मुलांसाठी रात्री दहाची ठरते, तेव्हा तिकडे जाणार असाल तर पहिल्या पंगतीसाठी आग्रहच धरा. आणि जहाजावर फोनच्या घड्याळावर जाऊ नका, कारण किनाऱ्याजवळ फोन आपोआप वेळ बदलतो. कार्यक्रमपत्रिकेत दिलेली जहाजाची वेळच खरी धरावी.

बरोबर काय न्यावे, याबद्दल थोडे. घरी शिजवलेले अन्न सहसा जहाजावर चढवू देत नाहीत, कारखान्यातून बंद होऊन आलेली पाकिटे बहुधा चालतात आणि तान्ह्या मुलांच्या आहाराला सवलत असते. तरी तुमच्या कंपनीचे नियम आधी वाचून घ्या. विजेची किटली किंवा शेगडी नेऊ नका, आगीच्या भीतीने ती तपासणीतच काढून ठेवतात. गरम पाणी बुफेतल्या चहाच्या जागी मिळते, म्हणून थर्मास पुरतो. आम्ही दुसऱ्या प्रवासात आमच्या सांगलीचे बेदाणे, बंद पाकिटातले भडंग, मेतकूट आणि सातूचे पीठ नेले होते. सातूचे पीठ शिजवावे लागत नाही, दुधात गूळ किंवा साखर घालून कालवले की झाले, आणि रात्री-अपरात्री उठलेल्या मुलासाठी यापेक्षा सोयीचे दुसरे काही मला माहीत नाही. भडंग तिखट असते, ते मोठ्यांसाठी. दीड वर्षाच्या मुलाला अख्खे बेदाणे देऊ नका, घशात अडकू शकतात. भिजवून, कुस्करून द्या.

समुद्र हलत असेल त्या रात्री जेवणाचा आग्रह धरू नये. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जहाज हलण्याने मळमळण्याचा त्रास जास्त होतो, दोन वर्षांखालच्यांना क्वचितच, म्हणजे तुमच्याकडे मुलीकडे जास्त लक्ष द्यावे लागेल. अगदी रिकामे पोट आणि तुडुंब भरलेले पोट, दोन्हींनी मळमळ वाढते. थोडा दहीभात बरा. औषध न्यायचे झाल्यास मुलांच्या डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे मात्रा लिहून घेऊनच न्या.

आजी-आजोबांना कदाचित असे वाटेल की एवढा खर्च करून आलो आणि रात्री सगळे एकत्र जेवत नाही. आमच्याकडे मामंजींना हे पहिल्या दिवशी फार लागले होते. मग आम्ही सकाळचा नाश्ता सगळ्यांनी मिळून, खिडकीजवळचे मोठे टेबल धरून, दीड तास बसून करायचा असे ठरवले. सकाळी मुले हसरी असतात, घाई कोणालाच नसते, आणि बाहेर समुद्र दिसतो, जो रात्री साडेआठला त्या काचेतून दिसत नाही. मामंजी नातवाला इडली भरवत जहाजामागची पाण्याची पांढरी रेघ दाखवत बसायचे. आमचे कुटुंबाचे जेवण तेच झाले. जहाज दिवसभर समुद्रात असते त्या दिवशी मुख्य भोजनगृह पुष्कळदा दुपारीही उघडे असते, तिथेही सगळ्यांना एकत्र बसता येते.

शेवटच्या रात्रीचे वेगळे सांगायला हवे. त्या रात्री मोठ्या बॅगा रात्री दहा-अकराच्या आत केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, म्हणजे उशिराची पंगत आणि सामानाची आवराआवर एकाच वेळी येते. त्या दिवशी दुपारी मुले झोपलेली असतानाच बॅगा भरून घ्या, आणि मुलांचे रात्रीचे कपडे, सकाळचा एक जोड, दुधाची बाटली, लंगोट व औषधे एका छोट्या पिशवीत वेगळी काढून ठेवा. आमच्या पहिल्या प्रवासात धाकटीची बाटली मोठ्या बॅगेतून बाहेर गेली होती आणि ती सकाळी बंदरावर उतरल्यावरच हाती आली.