आवाजाचं विचारा : कॉलर माइक, त्याची पिन आणि वेचणीचा शर्ट

प्रश्न : नमस्कार भाऊ. आम्ही काही मित्र कापूस वेचणाऱ्या बायांवर लघुपट करून राहिलो. नागपूरहून सेनहायझर जी-4 चा वापरलेला वायरलेस सेट आणला, सोबत माइक नव्हता. मोबाइलचा कॉलर माइक लावून पाहिला तर पॅकमध्ये, म्हणजे कमरेला बांधायच्या ट्रान्समीटरमध्ये, आवाजच येत नाही. मोबाइलवर तोच माइक बरोबर चालतो. आता बारीकातला बारीक माइक घ्यायचा विचार आहे. कोणता घ्यावा? आणि पिन इथल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून जोडून घेतली तर चालते काय?
— एक वाचक, दिग्रस (जि. यवतमाळ)

उत्तर : तुमचा माइक चांगला आहे, पिन वेगळी आहे. मोबाइलच्या पिनेवर तीन रेघा असतात, म्हणजे चार भाग, आणि हल्लीच्या फोनमध्ये माइकचा सिग्नल अगदी बुडाच्या भागावर येतो. जी-4 च्या पॅकला तो टोकावर लागतो. बुडावर ग्राउंड लागतं आणि मधली कडी लाइन-इनसाठी, म्हणजे माइकऐवजी दुसऱ्या यंत्राचा आवाज आत घ्यायला आहे. त्यामुळे सिग्नलची आणि पॅकची भेटच होत नाही. जुनी पिन कापून फिरकीचं लॉक असलेली तीन भागांची 3.5 मिमी पिन लावा, हाच माइक पॅकवर बोलू लागेल. तालमी आणि चाचणी त्याच्यावर करा, म्हणजे महागडा माइक घेण्याआधी तुम्हाला काय हवं ते कळेल.

‘बारीकातला बारीक’ हा आग्रह मात्र सोडा. बारीक माइक लपायला सोपा, एवढंच. माइकच्या आतला, आवाजानं थरथरणारा पडदा जितका लहान, तितकी माइकची स्वतःची सरसर जास्त, आणि शेतात पंप बंद झाल्यावर जी शांतता होते तिच्यात ती ऐकू येते. सँकेन कंपनीचा कॉस-11डी 4 मिमी जाडीचा आहे, डीपीए कंपनीचा 6060 हा 3 मिमीचा, त्यांचाच 4060 साधारण साडेपाच मिमीचा. कापडाखाली मला कॉस-11डी सर्वांत मोकळा वाटतो, म्हणून पैसे जमले तर माझं मत त्याला. घेताना तुमच्या पॅकची पिन लावलेलाच मागा. डीपीएला मायक्रोडॉट नावाचा छोटा जोड असतो, पॅक बदलला की फक्त अडॅप्टर बदलायचा. पुढे दुसरा सेट भाड्याने आणणार असाल तर ही सोय मोठी आहे. काहीही घ्या, पण चहूकडून ऐकणारा, म्हणजे ऑम्नी घ्या. बाई मान वळवून शेजारणीशी बोलली तरी आवाज तुटत नाही, आणि कापडाची घासही त्यात कमी येते.

पिन जोडायला मोबाइल दुरुस्तीवाला चालतो. खरं तर तोच योग्य. त्याच्याकडे बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न असते, भिंग असतं आणि हात स्थिर असतो. फक्त त्याला चार गोष्टी सांगा. पिनेचं टोपण आणि श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) आधी वायरीत ओवायची. आतल्या तारा केसासारख्या असतात आणि पुष्कळदा त्यांच्यावर वार्निशचा थर असतो. तो जळून तारेला चांगलं कथील चढल्याशिवाय जोड द्यायचा नाही, नाहीतर वरून जोड दिसतो आणि आत संपर्क नसतो. 63/37 चं (63 भाग कथील, 37 भाग शिसं) कथील 183 अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हा आयर्नचं टोक गरम ठेवून क्षणभरच टेकवायचं. रेंगाळलं की आतलं इन्सुलेशन वितळून सिग्नलची तार भोवतीच्या ग्राउंडच्या जाळीला चिकटते. आणि पिनेच्या चिमट्यात वायरीचं बाहेरचं रबर धरायचं, कारण ओढ रबरावर आली पाहिजे, कथिलावर नाही. काम झालं की मल्टिमीटरवर टोक आणि बूड तपासा, मग हेडफोन लावून पिनेजवळ वायर हलवून पाहा. खरखर आली तर पिन पुन्हा करून घ्या. गुणगुण आली तर जाळीचा जोड कच्चा आहे असं समजा.

एक सावधगिरी. या माइकच्या आत छोटा ट्रान्झिस्टर असतो, त्याला पॅककडून थोडे व्होल्ट मिळतात. रेकॉर्डर मोठ्या माइकना जी 48 व्होल्टची वीज देतो (फँटम), तिच्यावर तो थेट जोडू नका, मध्ये व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर हवा.

आता ज्यावर तुमचा लघुपट खरा तरेल ते. आपल्याकडच्या बाया वेचणीला लुगड्यावर किंवा साडीवर पुरुषी शर्ट घालतात. हा शर्ट तुमच्यासाठी वरदान आहे. बटणपट्टीचं कापड दुहेरी असतं, तिच्या दोन थरांत छातीच्या हाडावर, हनुवटीखाली वीतभर अंतरावर माइक बसवा. मेडिकल दुकानातली कागदी चिकटपट्टी त्रिकोणी घडी करून, चिकट बाजू बाहेर ठेवून, माइकच्या दोन्ही अंगांना लावा, म्हणजे दोन्ही थर माइकला धरून राहतात आणि त्याच्यावर घासत नाहीत. खाली वायरीचा छोटा वेढा करून तोही चिकटवा; ओढ बसली तर वेढ्यावर बसेल. घामाच्या अंगावर पट्टी टिकत नाही, म्हणून ती कापडालाच लावायची. शर्ट तिचा रोजचा, धुवून मऊ झालेला सुती असू द्या. शूटिंगसाठी कोणी हौसेनं नवा टेरिकॉटचा आणला तर नम्रपणे परत ठेवायला सांगा, तो प्रत्येक हालचालीला बोलतो.

पॅक कमरेला पुढे बांधू नका. तिथे कापसाची ओटी असते, ती भरत जाते आणि अँटेना दबते. पाठीमागे, गाठीच्या वर, शर्टाखाली बांधा. अँटेना मोकळी लोंबू द्या, ओल्या अंगाला चिकटली की रेंज घटते. पॅकला प्लास्टिकची पिशवी घाला. आणि त्या माउलीला आधी सगळं दाखवा, माइक लावायला तिच्या घरच्या बाईला किंवा तुमच्यातल्या मुलीला सांगा. लाजून आकसलेल्या माणसाचा आवाजही आकसतो.

प्रश्न : आमच्या चित्रपटात झाडीपट्टी रंगभूमीचे एक ज्येष्ठ नट आहेत. त्यांचा आवाज इतका खणखणीत की कॉलर माइक फाटतो. रेकॉर्डर 32-बिट फ्लोटचा, म्हणजे कितीही मोठा आवाज न फाटता साठवणारा आहे, तरी फाटलेला आवाज सुधारत नाही. असं का?
— एक वाचक, सिंदेवाही (जि. चंद्रपूर)

उत्तर : कारण आवाज रेकॉर्डरपर्यंत पोचायच्या आधीच पॅकमध्ये फाटतो. 32-बिट फ्लोट त्याच्या पुढचं सांभाळतो, मागचं नाही. पॅकची सेन्सिटिव्हिटी खाली आणा. त्यांच्या सर्वांत चढ्या संवादालाही पॅकचा मीटर टोकाला लागता कामा नये. हळू बोलून मीटर लावू नका. रात्रभर मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवलेला माणूस टेक सुरू झाला की वेगळाच बोलतो. तेवढ्यानं भागलं नाही तर कमी संवेदनशील माइक लावा. डीपीए 4060 एका पास्कलला (हे आवाजाच्या दाबाचं माप) 20 मिलिव्होल्ट देतो, त्याच घडणीचा 4061 फक्त 6. अशा नटाला 4061 शोभतो. त्यांना आवाज कमी करायला मात्र सांगू नका.