झिरकोनियासाठी टिकाऊ मिलिंग बर कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की मालवणात नवीन डेंटल लॅब टाकली आहे, काम जास्त करून झिरकोनियाचं (दातांसाठीचं पांढरं सिरॅमिक), थोडं पीएमएमएचं (दातांसाठीचं प्लास्टिक), आणि मशीनमध्ये डिस्क कोरणारे स्वस्त बर पटापट झिजून जातात. मग महाग घ्यावेत का? माझी लॅब चिपळूणला आहे, त्यामुळे आपल्या हवेत काय टिकतं ते सांगू शकतो.

झिरकोनियाला डायमंड कोटिंगचाच कार्बाइड बर घ्या. सिंटरिंगआधीची, म्हणजे भट्टीत भाजून कडक करण्याआधीची डिस्क खडूसारखी मऊ वाटते, पण तिची पूड धारेला पॉलिश पेपरसारखी खाते. घेताना एक विचाराच: कोटिंग सीव्हीडी डायमंडचं आहे की डीएलसी? दिसायला दोन्ही काळपट. सीव्हीडी म्हणजे खऱ्या हिऱ्याचा थर. डीएलसी हा हिऱ्यासारख्या कार्बनचा, पातळ आणि त्याहून मऊ. काळा रंग बघून मीही फसलोय.

पीएमएमएला मात्र हा बर लावू नका. कोटिंगच्या जाडीने धार किंचित बोथट होते, प्लास्टिक कापण्याऐवजी वितळून चिकटतं. त्याला कोटिंग नसलेला, एकाच धारेचा कार्बाइड बर ठेवा.

आता टिकाऊपणाबद्दल. बर मोडला नाही म्हणजे टिकला, असं मी पहिली दोन वर्षं धरून चाललो होतो. मग एका गणपतीत मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याचा समोरच्या चार दातांचा ब्रिज आला. परतीच्या गाडीचं तिकीट काढलेलं. बर शाबूत होता, आवाजही ठीक होता, पण ब्रिज बसेना आणि एका मार्जिनला, म्हणजे दाताशी टेकणाऱ्या कडेला, टवका. डॉक्टरांनी आतून घासून बघितलं. सिंटर झालेल्या झिरकोनियाला असं घासलं की बारीक चिरा जाण्याची भीती असते. शेवटी ते गृहस्थ तात्पुरत्या दातांवर मुंबईला गेले. ते मला आजही लागतं.

कारण साधं होतं. २ मिमीचा बर झिजून ०.०४ मिमीने बारीक झाला, तर आतल्या प्रत्येक भिंतीवर ०.०२ मिमी माल जास्त राहतो. सिंटरिंगमध्ये काम २० ते २५ टक्के आकसतं, तसा हा जास्तीचा मालही थोडा कमी होतो, पण सिमेंटसाठी आपण जागाच ०.०५ मिमीच्या आसपास सोडतो. म्हणून प्रत्येक बरावर किती युनिट (दात) झाले ते लिहून ठेवा, आणि ज्या आकड्याला मार्जिन खरखरीत दिसायला लागतं त्याच्या थोडं आधीच तो काढा. काढलेला बर लांब ब्रिजला परत लावायचा नाही. किंमत भागिले युनिट हा हिशोब दोन-तीन महिने केलात की महाग कोणता ते तुमचं तुम्हालाच दिसेल. माझ्याकडे सीव्हीडीच स्वस्त पडला.

पण चांगला बरही आपल्याकडे पावसाळ्यात लवकर जातो, त्यात दोष बराचा नसतो. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ओली हवा मशीनमध्ये येते, झिरकोनियाची पूड ओली होऊन कोलेटमध्ये, म्हणजे बर पकडणाऱ्या भागात, लेपासारखी बसते. मग बर सरळ धरला जात नाही, फिरताना किंचित डगमगतो, आणि ०.६ मिमीचा बारीक बर पहिला मोडतो. टाकीचं पाणी रोज सकाळी सोडा. एअर ड्रायर घ्या. बरांवर पैसे घालण्याआधी त्यावर घाला, असं मी ठामपणे म्हणेन. बर बदलताना प्रत्येक वेळी कोलेट ब्रशने साफ करा. तुम्ही तर समुद्राला अगदी लागून. खाऱ्या हवेत कोलेट गंजतो, तेव्हा सुटा कोलेट सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

आणि आगोटीला घरात मीठ-मसाला भरतो तसे बरही भरून ठेवा. घाटात दरड आली की कुरिअर अडकतं. २ मिमीचे दोन, १ मिमीचे दोन आणि ०.६ चे तीन बर मी जूनच्या आधीच आणून ठेवतो.