साहेब विचारतात, ‘मते कुणाला?’

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका शासकीय कार्यालयात लिपिक आहे. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की राजकारणावर गप्पा सुरू होतात. ऊसदर आणि म्हैसाळ सिंचन योजनेच्या पाण्यापर्यंत त्या मजेत चालतात. परंतु निवडणूक जवळ आली की आमचे साहेबच सर्वांदेखत मला ‘तुमच्या गावचे वारे कुणीकडे, घरची मते कुणाला?’ असे विचारतात. माझे दीर एका पक्षाचे कार्यकर्ते आहेत. गप्प राहिले तर ‘बाई आतल्या गाठीच्या’ असा शेरा मिळतो आणि बोलले तर बदलीच्या वेळी ते आठवणीत राहील अशी धास्ती वाटते. काय करावे?
– एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : ज्या जिल्ह्यात साखर कारखान्याच्या संचालकपदापासून लोकसभेपर्यंतच्या निवडणुका पुष्कळदा एकाच भावकीत लढवल्या जातात, तिथे कार्यालयात राजकारण बोलूच नये हा सल्ला कुणी पाळणार नाही आणि आम्ही तो देणारही नाही. आपल्याला खरा त्रास होतो तो ‘मत कुणाला’ या एका प्रश्नाचा, आणि त्याचे उत्तर न देण्यास आपल्याकडे भक्कम आधार आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधील नियम 5 कर्मचाऱ्याचा मतदानाचा हक्क मान्य करतो. मात्र आपण मत कुणाला देणार आहोत किंवा दिले आहे याचा कोणताही संकेत देऊ नये, असेही तो बजावतो. तेव्हा पुढच्या वेळी डब्यातली भाकरी मोडता मोडता हसतमुखाने ‘साहेब, ते सांगायला नियमाने बंदी आहे’ एवढेच म्हणावे. ‘आणि तुम्हालाही’ हे मनात ठेवावे.

साहेबांनी याहून पुढे जाऊन अमुक उमेदवाराला मत द्या असे सुचवले, तर मात्र तो प्रचार ठरतो आणि त्याच नियमाने तो निषिद्ध आहे. तसे घडल्यास तारीख-वेळेसह नोंद ठेवून त्यांच्या वरिष्ठांकडे, आणि आचारसंहितेच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांकडे, लेखी तक्रार करता येते. जिल्हा निवडणूक अधिकारी तेच असतात. केवळ चेष्टेखातर विचारणाऱ्या साहेबांवर हे अस्त्र काढू नये, असे आमचे मत आहे.

बाकी गप्पा जरूर माराव्यात. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) देण्याचे बंधन ऊस नियंत्रण आदेश, 1966 मध्ये आहे आणि ते कितपत पाळले जाते यावर अख्खी सुट्टी निघते. 2019 आणि 2021 चे महापूर व कर्नाटकातील अलमट्टी धरणाची उंची हे विषय तर प्रत्येकाच्या उंबऱ्याशी आलेले आहेत. अशा विषयांत कोणी कोणत्या पक्षाचा हे न विचारताही कडाक्याचे वाद होतात, फक्त ते डब्यापुरतेच ठेवावेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहावर नेऊ नयेत, कारण जुलै 2025 मधील शासन निर्णयाने शासनाच्या धोरणांवर समाजमाध्यमांतून प्रतिकूल टीका करण्यास कर्मचाऱ्यांना मनाई केली आहे. पुढे पाठवलेला मजकूर आपला नव्हता, हे नंतर पटवून देताना नाकी नऊ येतात.

दिरांविषयी काळजी नको. त्यांनी एखाद्या मान्यताप्राप्त पक्षाचे काम केल्याने आपल्याकडून नियमभंग होत नाही. मात्र प्रचाराच्या दिवसांत त्यांच्या दुचाकीवर पक्षचिन्हाचे स्टिकर असेल, तर ती घेऊन कार्यालयात जाऊ नये. कर्मचाऱ्याने अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणे म्हणजे निवडणुकीत आपले वजन वापरणे, असा नियमाचा अर्थ लावला जातो. एकत्र कुटुंबात दारावरचा झेंडा कुणाचा, हा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो. म्हणून त्या महिनाभरापुरता तो दिरांनी पक्षाच्या कार्यालयावर लावावा, असे त्यांना घरातच मोकळेपणाने सांगावे.