प्रीकास्टच्या घरांना सुताराचा हात कुठे लावायचा?

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: धुळ्याजवळ 24 घरांची वसाहत, छत प्रीकास्ट (म्हणजे कारखान्यात साच्यात ओतून आणलेलं काँक्रीट), विटा राखेच्या, पण घराला जुन्या खान्देशी वाड्याची कळा हवी. मग लाकडाचं खोदकाम सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरीव यंत्रावर, करून सगळ्या घरांना बसवावं का? माझं म्हणणं असं की खोदकामाचं सगळ्यात शेवटी ठरवा. आधी सुताराला आणि गवंड्याला नकाशासमोर बसवा, साच्यांची ऑर्डर जाण्याआधी.

पारोळ्याकडे आम्ही 12 घरांचं असं काम केलं, तेव्हा हे उलटं झालं. पाडलेल्या वाड्यांच्या सागवानी चौकटी जमवल्या होत्या आणि लिंटलचे (दारावरच्या आडव्या काँक्रीट तुळईचे) लोखंडी साचे एकाच मापाचे बनवून मोकळे झालो होतो. हातच्या चौकटी त्या, एकीचं माप दुसरीला नाही. कुठे पाऊण इंच फरक, कुठे दीड. दोन चौकटी तासून बसवल्या. दुसरीच्या गणेशपट्टीवरच्या कमळाची कडेची पाकळी तासताना निखळली. म्हातारे सुतारबाबा ती तळहातावर घेऊन बराच वेळ बसून राहिले. मग एवढंच म्हणाले, "भाऊ, आमले इचारनं व्हतं." ते वाक्य मी विसरलेलो नाही. उरलेल्या 10 घरांत दाराची जागा सरळ दोन इंच मोठी ठेवली आणि चौकटीभोवती लाकडाची पट्टी फिरवली. प्रत्येक दाराची पट्टी वेगळ्या रुंदीची आहे. आज लोक त्याच पट्टीवरून हात फिरवतात.

कारखान्याचं माप पक्कं असतं, हाताचं माप समोरच्या लाकडावर ठरतं. दोन्ही जिथे भेटतात तिथे नकाशातच सैल जागा सोडायला हवी. बाकी सगळं यातूनच निघतं.

प्रीकास्टला घाबरू नका. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेची प्रीकास्ट कड्या आणि फळ्यांची जी पद्धत आहे, ती म्हणजे आपला कडीपाटच. तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. फक्त सागाऐवजी काँक्रीट. खालून गिलावा करून कड्या झाकू नका, दिसू द्या. धाब्याच्या घरात झोपलेल्या माणसाला ते छत ओळखीचं वाटतं. मात्र धाब्यावर मातीचा जाड थर असायचा, दर पावसाळ्याआधी वर खारी माती पडायची, म्हणून खाली गारवा. नुसत्या काँक्रीटच्या फळ्यांखाली मे महिन्यात 45 अंशांत भट्टी होईल. वर वीट-चुन्याचा कोबा घालाच. गूळ आणि हिरड्याचं पाणी शिंपत बायका ओळीने बसून थापीने कोबा ठोकतात. पहिल्या दिवशी आवाज बद्द येतो, पुढे पुढे खणखणीत होत जातो, आणि तो ऐकूनच मुकादम बाई 'झालं' म्हणते. हे काम यंत्राने उरकायला जाऊ नका.

राखेच्या विटा भुसावळकडून, दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या घेत असाल तर चांगलंच. माप एकसारखं मिळतं, भिंत ओळंब्यात राहते. पण अंग गुळगुळीत असतं, गिलावा सुटतो. सांधे अर्धा इंच खरवडून ठेवा, भिंत आदल्या दिवसापासून भिजवा. चुन्याचा गिलावा एप्रिल-मे मध्ये अजिबात नको. आपल्याकडचा गरम वारा पाणी ओढून घेतो, चुना धरत नाही, बोट लावलं की पिठासारखा झडतो. दिवाळीनंतर धरा, ओली गोणपाटं टांगा.

आता सीएनसी. त्याचं पातं गोल फिरतं, त्यामुळे आतला कोपरा कधीच टोकदार निघत नाही. पानाचं देठ जिथे फांदीला मिळतं तिथे बोथट गोलाई राहते, आणि ओट्यावर उभ्या माणसालाही ती जाणवते. सरसकट नाही म्हणत नाही मी. लाकडाचा भर काढायला यंत्र लावा; म्हाताऱ्या कारागिरांच्या खांद्याला तेवढाच आराम. शेवटचा हात पटाशीचा असू द्या. आणि 24 दारांना एकच वेल नको. सगळीकडे चौकटीचं माप एक, वरची पट्टी कोरी ठेवा, ती सुताराने त्या घराच्या माणसांशी बोलून भरावी.

सातपुडा ओलांडून इंदूरची अरण्य वसाहत एकदा पाहून या. वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी तिथे 80 नमुना घरं बांधून दाखवली: जोतं, पाणी, संडास यांची मांडणी ठरलेली, ओटा, जिना, सज्जा घराघरात वेगळा. 1995 मध्ये त्या कामाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. यंत्राने काय द्यावं आणि माणसांवर काय सोडावं, हे तिथल्या गल्लीतून फिरताना जितकं समजतं तितकं माझ्या लिहिण्यातून समजणार नाही.

मजुरीचं आधी बोलून घ्या. कोरीव कामाला फुटावर भाव ठरवलात तर कारागीर घाई करणार, आणि दोष त्याचा नसेल. पहिलं दार रोजाने करून घ्या, किती दिवस लागतात ते दोघांनी मिळून बघा, मग नगाचा भाव ठरवा. आणि दिवाळीनंतर गिलावा धरायचा असेल तर कळीचा चुना पावसाळा संपण्याआधीच खड्ड्यात विरवायला टाका.