मी तर ड्युटीवर पाणीही पीत नाही

आयसीयूत १६ वर्षं काढलेल्या एका सिस्टरचं तीन पानी पत्र आलंय. तक्रार सोबतच्या नव्या मुलीची. १२ तासांच्या ड्युटीत ती दोनदा 'मला सांगून' निघून जाते, निवांत बसून जेवते. 'आम्ही असं कधी केलं नाही, मी तर ड्युटीवर पाणीही पीत नाही. हल्ली नातेवाईक रडले तरी मला काही वाटत नाही, दगड झालेय. या मुलीला कसं समजावू?'

ताई, तिला काही समजावू नका.

ते पाण्याचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, तेही अभिमानाने. मी तिथेच अडकले. दर तासाला तुम्ही वाकून पेशंटची युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, बघता. मोठ्या माणसाची तासाची लघवी ३० मिलीच्या खाली गेली, की डॉक्टरांना कळवता, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. इनटेक किती, आउटपुट किती, थेंबाथेंबाचा हिशेब. आणि तो लिहिणारी बाई सकाळपासून कोरडी! असा चार्ट एखाद्या पेशंटचा असता, तर तुम्ही गप्प बसला असता? लघवी तुंबवून काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. घसा सुकलेला, डोकं ठणकतंय, आणि हातात इन्फ्युजन पंपाचा, म्हणजे शिरेतून ठरल्या वेगाने औषध देणाऱ्या यंत्राचा, डोस. मला भीती वाटते हो, तुमचीही आणि त्या पेशंटचीही.

दगड वगैरे काही झाला नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचं वर्णन केलं, त्यात थकव्याच्या शेजारीच कामावरून मन उडणं लिहिलंय. आणि मूळ सांगितलंय ते कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणात. माणसं कमी असतील तर तो राग वरिष्ठांपुढे मांडा. त्या पोरीवर काढू नका. सांगून जाते म्हणजे ती पेशंट तुमच्या हवाली करून जाते. तिचंच बरोबर आहे.

पुढच्या ड्युटीला चार तास झाले की तिलाच हाक मारा. कुठलं इन्फ्युजन किती वेगाने चाललंय, पुढचा डोस केव्हा, काय झालं तर तुम्हाला बोलवायचं, सगळा हँडओव्हर नीट द्या. आणि २० मिनिटं बाहेर जा. बाथरूमला जाऊन या, बसून पाणी प्या. मॉनिटर वाजला तरी उठू नका. ती आहे तिथे.