पणजोबांच्या १९४४च्या फोटोतली शून्य नजर: युद्धाचा मानसिक धक्का म्हणायचा का?

एकट्या फोटोवरून तसं ठरवू नका. झोप नाही, हिवताप, डोळ्यांवर ऊन, यातल्या कशानेही नजर तशी दिसते. ब्रिटिश युद्धछायाचित्रकार डॉन मॅक्युलिनने १९६८मध्ये व्हिएतनाममधल्या ह्यू शहरात टिपलेला, अशाच शून्य नजरेचा अमेरिकन सैनिक आठवा. त्याचे एकामागून एक अनेक फोटो घेतले, तरी चेहरा जराही बदलला नाही. तिथे अर्थ लागतो तो या सलग फोटोंमुळे आणि छायाचित्रकाराच्या साक्षीमुळे. तुमच्याकडे एकच क्षण आहे.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी, घराघरातून सैन्यात गेलेल्यांची गावं आहेत. घरोघरी असे फोटो निघतात, आणि त्या माणसांवर नुसत्या अंदाजाने शिक्का मारणं मला अन्यायाचं वाटतं. आधी फोटोची मागची बाजू बघा. मग सैन्यातून सुटल्याचे (डिस्चार्जचे) कागद शोधा, त्यात इस्पितळाची नोंद आहे का पाहा. पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत असतील तर बेळगावच्या केंद्राला पत्र लिहा. घरातल्या म्हाताऱ्यांना मात्र आजच विचारा: पणजोबा रात्री दचकून उठायचे का?